चारुलताची खिडकी

गळ्यातली पुतळी काढून कामिनीने ती देवघरातल्या कुंकवाच्या डबीत ठेवली, झाकण घट्ट लावलं आणि देवाच्या नजरेला नजर न देता बाहेर आली. बाहेर सुशील हॉर्न वाजवत होता. हुडकेश्वरच्या त्या गल्लीतल्या बायका दारादारात उभ्या होत्या, कारण चाकांवरचं घर त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

पुतळी म्हणजे बोटाच्या पेराएवढी चांदीची बाई. चारुलता म्हणून दिलेली. चारुलता ही सुशीलची पहिली बायको. तापाचं निमित्त झालं आणि ती गेली, त्याला बरीच वर्षं झाली. दुसरेपणावर आलेल्या बाईने पहिलीची पुतळी गळ्यात घालायची, नवी साडी आधी तिला लावायची मग आपण नेसायची, ताटातला पहिला घास तिला दाखवायचा मग आपण खायचा, ही वैरागड्यांच्या घरची रीत. न पाळली तर पहिली रुसते आणि ते नवऱ्यावर येतं, असं सासूबाई अंजनाबाईंनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी बजावलं होतं. कामिनी शिकलेली, पतसंस्थेत नोकरी करणारी बाई. तिने हसत हसत पुतळी घालून घेतली. पण जन्मभर सगळं दुसऱ्या नंबरावर घ्यायचं म्हणजे काय असतं, ते घालणारीलाच कळतं. बाकीच्यांना वाटायचं, छान दागिना आहे.

आणि ही गाडी तर मुळातच चारुलताची. सुशीलचा कळमन्याला ट्रकच्या बॉडी बांधायचा कारखाना होता. चारुलताला जंगलाचं वेड. गाडीतच पलंग, गाडीतच शेगडी, आणि झोपल्या झोपल्या जनावरं दिसावीत म्हणून मागे पलंगाच्या उंचीला खिडकी, असा तिचा हट्ट. सुशीलने एका जुन्या मिनीबसचा सांगाडा आणला, सगळ्यात आधी ती खिडकी कापली, आणि तेवढ्यात ती गेली. सांगाडा कारखान्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहिला.

ताडपत्री काढायला लावली ती कामिनीने. तिला वाटलं, गाडी एकदा पुरी झाली की तो विषय संपेल. सुशील माणूस गरीब स्वभावाचा, कधी आवाज चढवायचा नाही, हवं नको बघायचा. पण बोलता बोलता मध्येच मनाने कुठेतरी निघून जायचा आणि परत आला की ओशाळं हसायचा. कामिनीला एकदा, फक्त एकदा, तो पूर्ण हवा होता. या सहलीला दोघंच जाणार होती, आणि दोघं म्हणजे दोघंच, म्हणून पुतळी डबीत गेली. सुशीलला तिने हे सांगितलं नाही.

उमरेडचा रस्ता पळसाने पेटला होता. सुशील गाणं गुणगुणत गाडी चालवत होता आणि मागे भांडी तालावर वाजत होती. कामिनीने निघतानाच मागच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला होता. उमरेड सुटल्यावर तिने सहज वळून पाहिलं तर पडदा उघडा.

“पडदा कोणं उघडला?”

“रूळ तिरपा लागला असन वं,” सुशील म्हणाला. “मी बॉडीवाला आहे, पडदेवाला नाही.”

ती उठून मागे गेली, पडदा लावला आणि दोन्ही कडांना मिळून सेफ्टी पिन टोचली. मग पुढे येऊन बसली आणि ठरवून मागे बघितलं नाही.

पुढे जंगल दाट झालं. सकाळची सफारी दुसऱ्या दिवशीची होती, पण जनावरांना ते कोण सांगणार. आधी चितळांचा कळप रस्ता ओलांडून गेला. मग एका पाणवठ्यापाशी रानगवा उभा दिसला, काळाकुळकुळीत, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. सुशीलने गाडी हळूच कडेला घेतली. त्याचा चेहरा पोरासारखा झाला होता.

“पाहा वं, पाहा. कसा उभा आहे. चारूले तर गवा म्हटलं की...”

पुढचं त्याने गिळलं. कामिनी गव्याकडे बघत राहिली. गवा त्यांच्याकडे बघत नव्हता. त्याची नजर गाडीच्या मागच्या बाजूला लागली होती, आणि पाणी न पिताच तो पाय मागे घेत झाडीत शिरला. कामिनीने शेवटी वळून पाहिलंच. पडदा उघडा होता. ती उठून मागे गेली. सेफ्टी पिन गादीवर पडली होती, नीट बंद केलेली.

ती तशीच पुढे येऊन बसली. सुशीलला सांगितलं असतं तर पुतळीचंही सांगावं लागलं असतं.

नाल्यावरचा पूल ओलांडला आणि इंजिनाने दोन गचके देऊन जीव सोडला. दोन्ही बाजूंना बांबू, पुढे वनखात्याचा बोर्ड, त्यावर गाडीतून उतरू नये असं लिहिलेलं. फोनला रेंज नाही. नशिबाने समोरून एक मोटारसायकलवाला आला. पुढच्या गावातून ट्रॅक्टर पाठवतो, उतरू मात्र नका, एवढं सांगून तो थांबला नाही. ऊन बांबूंच्या शेंड्यावर गेलं होतं.

“डिझेलच्या नळीत हवा शिरली,” सुशील म्हणाला. “पलंगासाठी मीच टाकी सरकवली होती ना, तर नळी ताणल्या गेली. दोन मिनिटांचं काम आहे.”

“अवो, काहून उतरता? तो माणूस काय सांगून गेला?”

“दाराजवळच तर आहे. तू च्या ठेव.”

आणि तो पाना घेऊन उतरला. स्वतःच्या हातची गाडी बंद पडली की बॉडीवाल्याला गप्प बसवत नाही, हे जगजाहीर आहे. टाकी डाव्या अंगाला होती, दाराच्या थोडी मागे. तो तिथे उकिडवा बसला, जंगलाकडे पाठ करून. बरोबर त्याच्या डोक्यावर शेगडीची खिडकी होती. कामिनी चहाचं भांडं हातात घेऊन तिथे उभी राहिली. खाली त्याची विरळ केसांची टाळू दिसत होती आणि तिला त्याची माया आली.

तेवढ्यात वानर खाकरलं. झाडावरची सगळी वानरं एकदम वर सरकली. कामिनीने समोर पाहिलं. बांबूच्या बुडाशी वाळलेलं गवत होतं, आणि गवतातलं काही गवत डोळे मिटत होतं, उघडत होतं.

वाघीण होती. पोट जमिनीला लावून, मान खाली घालून, सुशीलच्या पाठीकडे बघत. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. कामिनीने तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिने पुन्हा जोर लावला, गळ्याच्या शिरा ताणल्या, पण आत काहीतरी आवळून धरल्यासारखं झालं होतं. हॉर्न पुढे होता, पाय जागचे हलत नव्हते. हातातलं भांडं पत्र्यावर आपटायचंही तिला सुचलं नाही. वाघीण पुढे सरकली, पुन्हा थांबली, पुन्हा सरकली. सुशील नळीशी झटत स्वतःशीच काही पुटपुटत होता.

मग त्याने मान वर केली. कामिनीकडे नाही. त्याने गाडीच्या मागच्या टोकाकडे पाहिलं, “आलो, आलो,” म्हणाला, पाना खाली ठेवला आणि जेवायला बोलावल्यासारखा सावकाश उठून दारातून आत आला. दार त्याने सवयीने लावून घेतलं. त्याच क्षणी वाघीण उडी घेऊन तो बसला होता तिथे आली. गाडी हलली.

आता सुशीलने पाहिलं आणि तो मटकन खाली बसला. वाघिणीने पाना हुंगला. मग ती गाडीच्या कडेने मागे गेली आणि मागच्या खिडकीखाली थांबून तिने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिचे कान मागे पडले. पलंगावर कोणीही नव्हतं, नुसती गादी होती. वाघिणीने दात दाखवले, मागे सरकली आणि मोठा वळसा घालून नाल्यात उतरली.

 सुशीलने कामिनीला जवळ ओढलं. “बरं झालं तू हाक मारली,” तो म्हणाला. “नाहीतर मी गेलो होतो. आन नावानं मारली. आजवर कधी नावानं बोलावलं नाही तू मले.”

कामिनीने आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलं होतं ते फक्त लग्नातल्या उखाण्यात. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो पूर्ण तिच्याकडे बघत होता. कुठेही गेलेला नव्हता.

“घाबरून निघालं तोंडातून,” ती म्हणाली.

त्याने तिचा तळहात स्वतःच्या गालाला लावून धरला. खोटं बोलल्याची लाज वाटत असूनही कामिनीला सुख झालं. असं सुख तिला लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

“एकदा अजून म्हण ना,” सुशील म्हणाला.

“काय?”

“माहं नाव.”

“सुशील,” ती म्हणाली.

त्याने मान किंचित तिरपी केली. “असं नाही. मघा म्हटलं तसं.”

“सुशील.”

त्याचं हसू हळूहळू ओसरलं. तिचा हात त्याने सोडला नाही, पण त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली आणि पलंगापाशी थांबली. बाहेर संध्याकाळ उतरत होती. गाडीत इतकं शांत होतं की शेगडीच्या नळीतला गॅस ऐकू येत होता.

“शी लांबवून म्हणायची ती,” तो म्हणाला. “कारखान्याच्या दारातून. जेवाले बोलवाले.”

कामिनीला रडू फुटलं आणि त्याबरोबर सगळंच बाहेर आलं. “मी नव्हती. मी नाही मारली हाक. मले आवाजच नाही फुटला. तुमच्या मागं वाघ होता आन मी पाहून राहिली होती नुसती. अन पुतळी मी घरी ठेवून आली. मुद्दाम. तिले आणायचंच नव्हतं मले. म्हणून ती रुसली. गाडी बंद पाडली, वाघ आणला. तुमाले न्यायले आली ती.”

 कामिनीला वाटलं, आता हा माणूस आपल्याकडे कधीच बघणार नाही. तिने हात सोडवून घ्यायला पाहिलं, तर त्याने तो अधिकच घट्ट धरला.

“न्यायचं असतं तर तिले काय करा लागत होतं?” तो म्हणाला. “तुह्या तोंडून शब्द निघून नव्हता राहिला. तिनंही गप्प राहायचं होतं. बस, तेवढंच.”

 इतकी वर्षं कामिनीने चारुलताला गळ्यात बांधून फिरवलं होतं, पहिला घास दाखवला होता, मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. ती एक बाई आहे, आपल्यासारखीच, ह्याच माणसासाठी जीव टाकणारी, हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. आणि त्या बाईने तो आज उचलून तिच्या हाती दिला होता. कामिनीला तिची भीती वाटली, आणि तिच्यासाठी पोटात तुटलंही. दोन्ही एकदम वाटलं.

“एकटीच असन का हो ती?” तिने विचारलं.

“माहीत नाही.”

दूर कुठेतरी ट्रॅक्टरची घरघर ऐकू यायला लागली. सुशीलने डोळे पुसले. “तू म्हटलं नावानं तरी चालन मले,” तो म्हणाला. “हळूहळू सवय होईन.”

“नाही,” कामिनी म्हणाली. “नाव तिचं राहू द्या. मी अवोच म्हणीन.”

त्याने मान हलवली. मग दोघंही मागच्या खिडकीकडे पाठ करून कान देऊन बसली. मागून काही आवाज आला नाही.