गप्प बाळ

सोनिकाचं सात महिन्यांचं बाळ तिच्याजवळ दिवसभर किरकिरायचं, पण मोठ्या जावेच्या, जयमालाच्या मांडीवर गेलं की हसायचं. जयमालाला मूल नव्हतं, तरी बाळाचं तिच्याकडे हसणं सोनिकाला सलायचं.

तापाच्या तिसऱ्या दिवशी बाळ जयमालाच्या मांडीवर अगदी गप्प पडलं होतं. सोनिकाने ते जवळजवळ ओढूनच घेतलं आणि पदराखाली धरलं. बाळ प्यायलं नाही.

"तुमी त्याले बाटली पाजली काय, ताई?"

"नाही वं. मले वाटलं, तुझ्याजवळच पेलं असंन."

जयमालाने झबलं वर केलं. बाळ भराभर श्वास घेत होतं आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची जागा आत ओढली जात होती.

"हे शांत नाही झालं, सोनिका. हे दमून गेलं. चाल, दवाखान्यात जाऊ."

डॉक्टरांनी लगेच ऑक्सिजन लावला. "गंभीर न्यूमोनिया आहे. छाती आत जाते, हे कोणी पाहिलं?"

सोनिकाने जावेकडे बोट दाखवलं. तेव्हाही ती मनातून जळलीच.

पाचव्या दिवशी बाळ पोटभर प्यायलं आणि जयमालाकडे झेपावलं. सोनिकाने ओठ घट्ट मिटले, पण बाळ तिच्याकडे दिलं.