दुसरा म

ऐक. मध्ये एक अक्षर बोलू नकोस, चहा गार झाला तर होऊ दे. आधी सगळं ऐक, मग मला काय शिव्या घालायच्यात त्या घाल.

माझा काका माहितीये ना तुला? आमच्या खालच्या मजल्यावर राहतो तो, कुलूपवाला. कुणाची चावी हरवू दे, दार आतून अडकू दे, काका दोन मिनिटांत उघडणार. एकच कुलूप त्याला जन्मात उघडलं नाही. 'म'. अख्खी बाराखडी सरळ, पण शब्द 'म'नं सुरू झाला की गडी अडकलाच. आणि अशा माणसाच्या बायकोचं लाडाचं नाव काय असावं? मनी! म्हणजे दिवसातून पन्नास वेळा "म-म-मने". आणि काकी कशी, तर दुसऱ्या 'म'लाच ओ देते. बत्तीस वर्षं! "म-म..." "ओऽ, आले!" आम्ही पोरं लहानपणी नक्कल करायचो त्याची, आणि मारही खायचो.

तर त्याच्या गळ्यात गाठ निघाली. हे तुला फोनवर सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. बुधवारी सकाळी ऑपरेशन, मंगळवारी संध्याकाळी पाचला भरती व्हायचं.

हॉस्पिटलातल्या स्पीच थेरपिस्टनं सांगितलं की रोजची वाक्यं आधीच त्याच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. एक ॲप असतं, टॅबलेटवर मोठी मोठी बटणं येतात. बटण दाबलं की त्याचं वाक्य त्याच्याच आवाजात वाजतं. आता घरात हे काम कुणाच्या गळ्यात पडणार? काका मला लहानपणापासून 'वायर' म्हणतो, तूच बघ. मी तर उडीच मारली. टॅबलेट माझा, माइक माझा, माइकचा स्टँड माझा. म्हटलं, काका, तुझा असा आवाज भरते ना, की बघत राहशील.

मंगळवारी सकाळी दहाला बसलो. काकीनं एकशेवीस वाक्यांची यादी केली होती, वहीच्या पानावर, नंबर घालून. 'पाणी दे.' 'पंखा कमी कर.' 'दुखतंय.' 'बरं वाटतंय.' त्यातली चार काकानं स्वतःच्या हातानं घातली होती. 'गप्प बस.' 'तुझ्या माहेरचे सगळे असेच.' 'जेवण बरं होतं पण मीठ कमी.' आणि 'वायर, तुला काही येत नाही.'

आणि त्या दिवशी खरंच मला काही येईना गं! टॅबलेट चालू केला तर म्हणतो अपडेट चाललंय, बंद करू नका. पन्नास मिनिटं! तो गोल फिरतोय आणि काका घड्याळाकडे बघतोय. मग ॲप उघडलं तर कोड मागतं, आणि कोड जातो माझ्या जुन्या नंबरवर. ते सिम शोधायला सगळे ड्रॉवर उपसले. मग काकानं आपलं 'गप्प बस'च पहिलं रेकॉर्ड केलं, मी ऐकायला बटण दाबलं, तर आवाजच नाही. पुन्हा दाबलं. नाही. तिसऱ्यांदा दाबलं आणि भिंतीपलीकडून शेजारचे आजोबा ओरडले, "कोण मला गप्प बस म्हणतंय?" ब्लूटूथ त्यांच्या स्पीकरला जाऊन चिकटलं होतं!

काका हसला. त्या दिवसात तेवढाच.

अजून एक खोड त्या पाटीची. काका टॅबलेटला पाटीच म्हणतो. वाक्य वाजत असताना बटण पुन्हा दाबलं की ते पहिल्यापासून सुरू होतं. 'पा... पा... पाणी दे.' सेटिंगमध्ये त्याला उपाय होता, 'एका वेळी एकदाच वाजवा' असं काहीतरी. म्हटलं, नंतर करू, आधी वाक्यं. हे लक्षात ठेव हं, मी पुन्हा याच्यावर येणार आहे.

साडेबारा वाजले. चाळीस वाक्यं झाली होती. आता 'म' सुरू झाले. 'मला झोप येतेय.' काका म्हणाला, "म-म-मला झोप येतेय." पाटीवर लाल पट्टी, 'आवाज स्पष्ट नाही. पुन्हा बोला.' पुन्हा बोलला. लाल. पुन्हा. लाल. सहा वेळा! सातव्या वेळी त्याच्या कपाळावर घाम. त्याने माइक हळूच बाजूला सरकवला आणि म्हणाला, "शाळेत म-म-मास्तर पण हेच म-म्हणायचे. पुन्हा बोल. आता ह्या पाटीनं पण म-म्हणावं?"

खोटं नाही सांगत. मला तो मास्तर हातात सापडता ना! मी सेटिंग उघडलं. तिथं होतं, 'आपोआप साफ आवाज'. अडखळणं, खोकला, दुबार आलेले उच्चार काढून टाकतं. मी म्हटलं, हेच! चालू केलं. ॲपनं विचारलं, आधीची वाक्यंही साफ करू का? मी म्हटलं, हो. खाली बारीक अक्षरात काहीतरी होतं. मी हो दाबलं.

मी! जी सगळ्यांना ओरडते, न वाचता हो का दाबता म्हणून!

त्यानंतर काय पळालं काम! काका अडखळायचा, पाटी हिरवी व्हायची. अडखळायचा, हिरवी. ऐकत बसायला वेळ नव्हता, चारच्या पुढे गळ्याला आराम द्या असं थेरपिस्टनं बजावलं होतं. चारला पाच कमी असताना एकशेविसावं झालं. 'मने.' ते शेवटी ठेवलं होतं आणि त्याच्यासाठी सगळ्यात मोठं हिरवं बटण. ते झालं आणि काकाचा आवाजच बसला, नुसती कुजबुज उरली.

मी इअरफोन त्याच्या कानात घातले. म्हटलं, ऐक तुझं काम. त्यानं हिरवं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा. माझ्याकडे बघितलं तेव्हा डोळे असे... कसं सांगू, पहिल्यांदा सायकलवरचा हात सोडल्यावर पोरं बघतात ना, तसे. कुजबुजला, "हा... म-मी?"

मी एक इअरफोन घेऊन ऐकलं. "मने." सरळ. खणखणीत. अडखळ कुठंच नाही.

मी कॉलर ताठ केली बघ! इअरफोन काढले, पाटीचा आवाज पूर्ण वाढवला, म्हटलं, मार हाक काकीला. ती स्वयंपाकघरात डबे भरत होती. काकानं दाबलं. "मने."

काही नाही. भांड्यांचा आवाज चालूच.

पुन्हा दाबलं. "मने."

काकी पदराला हात पुसत बाहेर आली आणि दाराकडे बघायला लागली. "कोण आलंय गं?"

"काकी, अगं काका हाक मारतोय!"

"हा?" ती पाटीकडे बघत राहिली. "पुन्हा लाव." मी लावलं. तिनं मान हलवली. "हा आवाज ह्यांचा आहे. पण हाक ह्यांची नाही." मग अगदी हळू, "वायर, माझा दुसरा म कुठं गेला?"

मी 'मूळ आवाज' शोधायला लागले. नाही. कचऱ्याची पेटी. रिकामी. तेव्हा ते बारीक अक्षर नीट वाचलं, 'साफ केल्यावर मूळ आवाज ठेवले जाणार नाहीत.' कंपनीला फोन लावला. एक बाई गोड आवाजात म्हणतेय, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया थांबा. सव्वाचार, साडेचार, ती बाई मला थांबवतेय आणि खाली गाडी येऊन उभी.

काकी आत जाऊन पिशवी भरायला लागली. ओरडली असती ना, तर बरं वाटलं असतं.

मी माझा फोन काढला, काकाच्या तोंडापुढे धरला. म्हटलं, "काका, एकदा. फक्त एकदा नेहमीसारखी हाक मार. कुजबुजत का होईना. मी बाकी बघते."

त्यानं माझा फोन हातानं खाली केला. मला जवळ ओढलं आणि कानात बोलला. शब्द न शब्द लक्षात आहे माझ्या. म्हणाला, "बत्तीस वर्षं झाली. ती दुसऱ्यालाच ओ देते. तिला वाटतं, म-मला सोपं करतेय. पण वायर, म-मी तिचं नाव एकदाही पुरं केलेलं नाही. एकदाही. हे राहू दे. आणि तिला सांगू नकोस."

बस. ते त्याचं शेवटचं बोलणं. म्हणजे गाडीत गळ्याला आराम, आणि बुधवारी आठला आत नेलं. त्याच्या आवाजातलं शेवटचं वाक्य काय, तर 'तिला सांगू नकोस'. आणि ते ऐकणारी मी एकटी!

ऑपरेशन चांगलं झालं. पाच तास लागले, बाहेर बाकावर काकी माझ्या शेजारी. मी तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "तू मुद्दाम थोडंच केलंस." मग म्हणाली, "मला ना, त्या दोन 'म'मध्ये कळायचं गं. चिडलेत, का भूक लागलीय, का नुसतंच मी आहे का बघतायत. आता मी काय ऐकून उठायचं?" जीभ अशी वळवळत होती सांगायला! पण शब्द दिला होता ना.

शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, द्या त्यांना पाटी. दुपारी आम्ही दोघी गेलो. काका उशीला टेकून बसलेला, गळ्याला पट्ट्या, हाताला सलाइन. मी पाटी त्याच्या मांडीवर ठेवली. काकी आमच्याकडे पाठ करून खिडकीपाशी बाटलीत पाणी ओतत होती. मला कळलं, ती मुद्दाम पाठ करून उभी आहे. तिला बघायचं नव्हतं.

काकाचं बोट हिरव्या बटणावर गेलं. ज्या हातानं केसाएवढ्या तारेनं कुलपं उघडली, तो हात थरथरत होता.

"मने."

काकी वळली नाही. अंगच उठत नव्हतं तिचं त्या हाकेला, मी बघत होते ना! खांदे ताठ, बाटली भरून पाणी बाहेर सांडायला लागलं, तरी वळेना. काका तिच्या पाठीकडे बघतोय. त्याचा चेहरा... अगं, जन्मात पहिल्यांदा पुरं नाव घेतलं त्यानं, आणि ओ नाही!

त्यानं पुन्हा दाबलं. बोट थरथरलं, तेवढ्यात दुसऱ्यांदा लागलं, मग अजून एकदा. आणि पाटी, ती माझी खोडकर पाटी, दर वेळी पहिल्यापासून—

"म... म..."

"ओऽ!"

काकी बाटली तशीच टाकून वळली. पाणी सगळं फरशीवर. "ओ, आले, आले, अहो इथंच आहे मी!" धावली, त्याचा हात धरला, हसतेय काय, रडतेय काय. बटणावरचं बोटच उचललं तिनं, आणि त्या गडबडीत मागून "मने" वाजलं का नाही ते कुणाला ऐकूच आलं नाही. माझा तर हुंदकाच फुटला. म्हटलं, सुटले! देवा, सुटले!

सुटले कुठली.

काकी पाणी पुसायला फडकं शोधायला लागली. काकानं उशाखालची वही ओढली, वाकडंतिकडं लिहिलं आणि पान माझ्याकडे फिरवलं. 'पाटी अडकते. नीट कर.'

'नीट कर'खाली दोन रेघा.

मी पाटी हातात घेतली. सेटिंग उघडलं. 'एका वेळी एकदाच वाजवा.' एक बोट लावलं की झालं. मग त्यानं कितीही दाबलं तरी एकच, सरळ, पुरं "मने". मी वर बघितलं तर काकाच्या मागे काकी उभी, हातात ओलं फडकं. तिनं पाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. इतकीशी. नको. आणि ओठांनी, आवाज न काढता, "राहू दे ना गं."

तिला माहीत नाही त्याला काय हवंय ते. त्याला माहीत नाही मागे कोण नको म्हणतंय ते. नर्स दारात येऊन म्हणतेय, भेटायची वेळ संपली. काका वहीच्या पानावर बोट आपटतोय. आणि माझं बोट त्या सेटिंगच्या वर, असं, हवेत.

आता बोल. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?