संध्याकाळी सांगतो

आमचे सर टीव्हीवर बोलायला बसले की खालची चक्की बंद होते. सर म्हणजे माझा नवरा, प्राध्यापक निवृत्ती मुरडकर. देऊळगाव राजाच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवतात. आम्ही राहतो भाऊरावांच्या पिठाच्या चक्कीच्या वर. चक्की चालू असली की आमच्या मांडणीतली ताटंसुद्धा थरथरतात, तिथे टीव्हीवर बोलणं कसलं जमतंय! म्हणून चॅनेलचा फोन आला, सर लॅपटॉपसमोर बसले की मी गॅलरीतून खाली हात करायचा, भाऊरावांनी चक्की थांबवायची आणि दळणाचे डबे घेऊन बसलेल्या बायांना सांगायचं, "थांबा, सर बोलून राह्यले." मग त्या बायाही भाऊरावांच्या मोबाइलवर अमेरिका, चीन, आयातशुल्क असं सगळं मुकाट्यानं ऐकत बसायच्या. दळण राहिलं म्हणून कुणी कधी कुरकुर केली नाही. आपल्या गावचा माणूस जगाला काही सांगतोय, हे त्यांना फार होतं.

हा मान त्यांना फार उशिरा मिळाला. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, तसं त्यांचं झालं होतं. आंतरराष्ट्रीय व्यापारावर डॉक्टरेट केलेला माणूस, पण कॉलेजात त्यांना कुणी विचारत असेल तर स्नेहसंमेलनाच्या मांडववाल्याचा नंबर. मग केव्हातरी आयातशुल्काचा गोंधळ झाला. मुंबईच्या एका मराठी वाहिनीला कापूस आणि सोयाबीन कळणारा जाणकार हवा होता. यांचा कुठलासा लेख त्यांनी वाचला आणि फोन केला. तेव्हापासून हे 'आंतरराष्ट्रीय घडामोडींचे अभ्यासक' झाले. समुद्र त्यांनी एकदाच पाहिलाय, तोही कॉलेजच्या सहलीत, पोरांची डोकी मोजता मोजता. पण बोलताना सगळी बंदरं जिभेवर.

सुरुवातीला मात्र जमत नव्हतं. माझा नवरा मुळातच दोन्ही बाजूंनी बोलणारा. छत्री घेऊन जाऊ का म्हणून विचारलं तरी म्हणणार, "सुचिता, याला दोन बाजू आहेत." टीव्हीवर दुसरी बाजू येईपर्यंत जाहिरात यायची. शेवटी तिथली निवेदिका पुष्पांजली हिनं त्यांना फोनवर गोड आवाजात समजावलं की सर, बहुतेक, कदाचित, असं नको, एका वाक्यात ठाम सांगत जा. सर हुशार विद्यार्थी निघाले. महिन्याभरात त्यांच्या बोलण्यातलं 'बहुतेक' गेलं. पुढे पुढे घरातूनही गेलं. मला गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटायचा.

त्यांचं बोलणं सगळ्यांत मन लावून ऐकायच्या त्या डोणगावच्या वंदनाताई, माझ्या मोठ्या नणंद. आईबाप लवकर गेले, ताईंनीच या धाकट्या भावाला लहानाचा मोठा केला. पण भाऊ शिकला तसं उलटंच झालं. बोअर कुठे घ्यायची, पोराला कुठे घालायचं, लग्नाला कुणाकडे जायचं आणि कुणाकडे नाही, सगळ्याला ताईंचं एकच उत्तर, "निवृत्तीले इचारते." त्यांचा मुलगा कुलदीप यांच्याच सल्ल्यानं आयटीआय करून फिटर झाला आणि यांच्याच सल्ल्यानं आखातातल्या एका बंदरात क्रेनच्या दुरुस्तीवर लागला.

आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. शंभर ब्राह्मण आणि एक भाचा, असं म्हणतात. कुलदीप जायला निघाला त्या दिवशी आमच्याच घरून निघाला. सर त्याच्या पायांवर वाकले आणि तो नेहमीसारखा हसत पाय मागे ओढत होता. नवे कोरे बूट होते. सरांनी दोन्ही बुटांवर हात टेकवले तेव्हा कुठे सोडलं.

यंदा आखातात लढाई पेटली. चॅनेलचे फोन रोज येऊ लागले आणि भाऊरावांची चक्की बोलण्यापेक्षा गप्पच जास्त राहू लागली. त्यातल्याच एका दुपारी वंदनाताईंचा फोन आला. सर जमिनीवर नकाशा पसरून बसले होते. फोन स्पीकरवर होता म्हणून मलाही ऐकू आलं. कंपनीनं विचारलं होतं, ज्याला घरी जायचंय त्यानं उद्यापर्यंत नाव द्यावं, विमानाची सोय करतो. कुलदीपचं मन घरी यायचं होतं, पण आईला विचारून सांगतो म्हणाला होता. ताईंना काही सुचेना.

"तू काय म्हणतं? बोलावू का त्याले?"

सरांनी नकाशावरची पेन्सिल न उचलता सांगितलं, "ताई, आता घाईत हाओ मी. संध्याकाळी सांगतो."

संध्याकाळी मी खाली हात केला, चक्की थांबली. पुष्पांजलीनं विचारलं की आखातात आपली एवढी माणसं आहेत, त्यांनी काय करावं. सर सरसावून बसले. मी दाराच्या चौकटीशी उभी होते, म्हणून शब्द न् शब्द आठवतो. "त्यांनी घाबरून माघारी यायचं काहीएक कारण नाही. बंदरांना कुणी हात लावणार नाही, कारण त्यात सगळ्यांचंच नुकसान आहे. मी ठामपणे सांगतो, आठवडाभरात हे निवळेल." पुष्पांजली म्हणाली, फारच दिलासादायक. खालून ओट्यावरच्या बायांचं 'हाव, हाव' ऐकू आलं. त्या रात्री सर पोटभर जेवले. डोणगावला फोन करायचा राहिला आहे, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही.

आठवडा पुरा व्हायच्या आतच त्या बंदरावर हल्ला झाला.

टीव्हीवर काळा धूर दिसत होता आणि त्या धुरात क्रेनचे सांगाडे. सर कुलदीपचा नंबर लावत होते. नंबर लागत नव्हता. कंपनीचा फोन कुणी उचलत नव्हतं. मला वाटत होतं, पोरानं नाव दिलं असेल, तो कधीच विमानात बसला असेल, ताई फोन करायला विसरल्या असतील. मनाला असं काहीही सांगता येतं. सकाळी वंदनाताई स्वतःच एसटीनं आल्या. जिना चढल्या आणि चप्पल न काढता खुर्चीत बसल्या. 

सर त्यांच्यावरच उखडले. मला त्यांचा राग आला, पण भीतीनं माणूस असाच बोलतो हेही कळत होतं. "ताई, कंपनी पाठवत होती, तं त्याले बोलावून काऊन नाही घेतलं तू?"

ताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "तूच तं नको म्हणलं."

"मी? मी कधी म्हणलो?"

"संध्याकाळी सांगतो म्हणला होता ना? सांगतलं ना मंग संध्याकाळी, टीव्हीवर. घाबरून यायचं काही कारण नाही म्हणे. मी तसंच्या तसं कुलदीपले सांगतलं. मामा म्हणून राह्यले, राहा म्हणलं."

सरांनी हातातला मोबाइल खाली ठेवला. बाई खोटं काय बोलत होत्या? भाऊ संध्याकाळी सांगतो म्हणाला आणि संध्याकाळी त्यानं सांगितलं. फोनवर सांगितलं काय आणि टीव्हीवर सांगितलं काय. उलट टीव्हीवरचं जास्त पक्कं, कारण ते चार लोकांसमोर दिलेलं. आमच्याकडे चार लोकांसमोर दिलेला शब्द कुणी फिरवत नाही. सरांना मात्र ते बोलणं ताईंशी होतं असं एकदाही वाटलं नव्हतं. मग कुणाशी होतं, हे मी त्यांना विचारणार होते. पण ते पुन्हा कुलदीपचा नंबर लावायला लागले.

दुपारी चॅनेलचा फोन आलाच. बंदरावरच्या हल्ल्याचा तेलाच्या भावावर काय परिणाम होईल, यावर संध्याकाळी बोलायचं होतं. सर नाही म्हणत होते. ताईंनीच त्यांना अडवलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. ते लोक रोज तुले इचारतात, आज तू त्याईले इचार. एवढे मोठे लोक, एवढे कॅमेरे, एका पोराचा पत्ता नाही लागणार?

संध्याकाळी चक्की थांबली. मी हातही केला नव्हता, भाऊरावांना सगळं कळलं होतं. ताई कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा बेतानं भिंतीला टेकून बसल्या, हातात कुलदीपचा पासपोर्ट साइझ फोटो. पुष्पांजलीनं तेलाचं विचारलं. सरांनी ताईंच्या हातातल्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझा भाचा त्या बंदरावर आहे. कुलदीप त्याचं नाव, क्रेनवर फिटर आहे. त्याचा फोन लागत नाही. कुणाला काही कळलं तर कृपा करून कळवा." पुष्पांजली दोन शब्द हळहळली आणि पुन्हा तेलाकडे वळली, परिस्थिती निवळायला किती दिवस लागतील म्हणाली. सर म्हणाले, "मला माहीत नाही. मागच्या वेळी मी ठाम सांगितलं, तेव्हाही मला माहीत नव्हतं."

पुष्पांजली म्हणाली, सरांचा आवाज तुटतोय, आपण पुन्हा त्यांच्याकडे येऊ. आवाज काही तुटत नव्हता. पुन्हा कुणी आलंही नाही.

 मग ताई भिंतीकडूनच म्हणाल्या, "माहीत नव्हतं तं तसंच म्हणाचं होतं, निवृत्ती. मी पोराले बोलावून घेतलं असतं." त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. खाली चक्की सुरू झाली आणि मांडणीतली ताटं वाजायला लागली, तरी सर त्या बंद पडद्यासमोरून उठले नाहीत.

कुलदीप सापडला. चॅनेलमुळे नाही, त्याच्याबरोबरच्या एका केरळी पोरानं दवाखान्यातून फोन केला. क्रेनचा लोखंडी भाग डाव्या पायावर पडला होता. जीव वाचला, पाऊल वाचलं नाही. ताईंनी फोनवर पहिल्यांदा देवाचं नाव घेतलं, मग बोलणं समजलं तशा रडल्या.

तो डोणगावला आला तेव्हा आम्ही गेलो. रस्ताभर सर खिडकीबाहेर बघत होते. चॅनेलचे फोन त्यांनी उचलणं सोडलं होतं, आणि दोन-चारदा उचलले नाहीत तेव्हा चॅनेलनं दुसरा जाणकार शोधला. तिकडे जाणकारांना तोटा नसतो. घरात गर्दी होती. कुलदीप दिवाणावर बसला होता, वाळला होता, पण मामाला बघून हसला. सर सरळ त्याच्यापाशी गेले आणि रिवाजाप्रमाणे वाकले. एक हात पावलावर टेकला. दुसरा हात नुसता सतरंजीवर टेकला. कुलदीपनं या वेळी पाय मागे घेतला नाही. सर तसेच वाकून राहिले. मला बघवेना, म्हणून मी त्यांना दंडाला धरून उठवलं आणि खुर्चीत बसवलं.

कुलदीपलाच त्यांची कीव आली असावी. तो आपला नेहमीच्या आवाजात बोलायला लागला. कंपनीचा निरोप होता. बरा झाला की परत ये, बसून करायचं काम देऊ, स्टोअरमध्ये. आता तिकडे शांत आहे म्हणतात. इथे एका पायानं वावरात काय करू, असं त्याचं म्हणणं.

"मामा, तुम्ही सांगा. जाऊ का?"

सगळी खोली सरांकडे बघायला लागली. सरांचे ओठ हलले. दोन्ही बाजू सांगणारा माझा जुना नवरा मला क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. मनात म्हटलं, सांगा, बहुतेक म्हणा, कदाचित म्हणा, पण काहीतरी म्हणा.

वंदनाताई स्वयंपाकघरातून पाण्याचे पेले घेऊन येत होत्या. त्यांनी पहिला पेला भावाच्या हातात दिला, अगदी मायेनं, आणि मुलाकडे वळून म्हणाल्या, "त्याले नको इचारू, बाप्पा."