तो शब्द

खसखशीचा दाणा सांडला म्हणून फ्राडेलने तो बोटाने टिपला, आणि तो बोटावरच विरून गेला — राखेचा कण होता तो, थेल्माच्या पिशवीतून पडलेला. पिशवी कालपासून टेबलावर भरून ठेवलेली होती आणि तिचं तोंड नीट मिटत नव्हतं. फ्राडेलने बोट ॲप्रनला पुसलं. मंद आचेवर दूध होतं, दुधात वाटलेली खसखस, मध, बेदाणे... पुरिम या ज्यू सणाच्या त्रिकोणी करंज्यांचं सारण. खिडकीतून वारा येत होता, अखेर गार झालेला. आपल्याला बरं वाटतंय हे तिच्या ध्यानात आलं, आणि घरात असा पाहुणा असताना ते जरा अपराध्यासारखंही वाटलं. पण बरं वाटत होतं खरं.

मेलबर्नच्या विणकाम गिरणीत थेल्मा आणि ती वीसेक वर्षं शेजारशेजारच्या यंत्रांवर होत्या. निवृत्तीनंतर थेल्मा डोंगरात राहायला गेली, कोंबड्या पाळल्या. आणि परवाच्या वणव्यात सगळ्याची राखरांगोळी झाली. ती आली ती ही पिशवी घेऊन, थेट फ्राडेलकडे. काल रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं ठीक होतं.

"होलोकॉस्ट झाला नुसता," सूप पिता पिता थेल्मा म्हणाली होती. "पेपरातसुद्धा तेच छापलंय."

हिर्शने चमचा खाली ठेवला. "वणवा म्हणा. आग म्हणा. तो शब्द आमचा आहे."

फ्राडेलच्या नवऱ्याने आवाज चढवला नाही, म्हणूनच ते जास्त लागलं. थेल्मा माफ करा म्हणाली, आणि त्यानंतर वणव्याबद्दल अवाक्षर नाही. आज दुपारी ती बहिणीकडे निघाली होती.

आमचा... हिर्शचं चूक नव्हतं. पोलंडात ब्यालिस्तोकला नाझींनी ज्यू माणसं कोंडून पेटवलेलं सिनेगॉग आणि डोंगरावरचं वारं, दोन्हींना एकच शब्द कसा लावायचा — वाऱ्याच्या मनात काही नसतं. पण तिच्या जिभेवर तो शब्द कधी बसलाच नव्हता. ती आणि हिर्श युद्धानंतर इथे जहाजातून उतरले तेव्हा आपापसात यिडिश बोलणारे सगळे 'खुर्बन' म्हणत, सत्यानाश, जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त झालं तेव्हापासूनचा म्हातारा शब्द. हा दुसरा शब्द मागाहून आला, इंग्रजीतून, आणि इंग्रजीच्या वर्गात एका शिक्षिकेने त्याचा मूळ अर्थ सांगितला तेव्हा फ्राडेल वर्गातून उठून गेली होती — वेदीवर संपूर्ण जाळलेला बळी. आहुती! कुणी दिली? कुणाला? ...असला शब्द मी कशाला राखत बसू? पण थेल्मा तोंड मिटून इथून जाणार, आणि तोंड मिटलेलं माणूस पुढे कसं जगतं हे मला कुणी सांगायला नको.

थेल्मा हॅट घालूनच आत आली. फ्राडेलला ती गिरणीपासून फ्रेडाच म्हणायची. "फ्रेडा, टॅक्सी बोलावू का?"

"बस आधी. कोंबड्यांचं काय झालं ते सांगितलंच नाहीस तू."

थेल्मा बसली. हॅट काढून तिने मांडीवर ठेवली.

"खुराडं उघडलं मी. म्हटलं, पळा गं बायांनो! एक हलेल तर शपथ. एकीला काखेत मारलं तर तिने मलाच टोचलं, सोडली मग. आणि मागे बघते तर डोंगरच नाही, फ्रेडा... तो... ते..."

शब्दाच्या अलीकडेच ती अडली. दारात हिर्श उभा होता. तो आत आला, खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला.

"टोचणारीचं नाव काय?"

"डचेस."

"सरदारीण ना! मग टोचणारच."

थेल्मा फस्सकन हसली, आणि हसता हसता रडायला लागली. हिर्शने रुमाल पुढे केला. फ्राडेल त्यांच्याकडेच बघत राहिली आणि मागे दूध उतू गेलं.

"खुर्बन!"

आपणच ओरडलो हे तिला क्षणभर कळलं नाही.

"दुधाला?" हिर्श म्हणाला.

"आई म्हणायची. दूध उतू गेलं, पाव करपला, शेजारीण न सांगता टपकली... की खुर्बन!"

"तू कधी बोलली नाहीस," हिर्श तिच्याकडे बघत म्हणाला.

"कुर्बन?" थेल्मा नाक पुसत म्हणाली.

"घशातून काढ. माशाचा काटा अडकल्यासारखा."

"खुर्बन," थेल्मा म्हणाली — शेगडीला म्हणाली की डोंगराला, ते कळलं नाही. हिर्शने दुरुस्त केलं नाही.

फ्राडेल शेगडी पुसू लागली. चाळीस वर्षं तिला आई आठवायची ती शेवटाकडून, सिनेगॉग पेटलं त्या दिवसाकडून मागे, आणि मागे काही उरतच नसे. आता आई फडकं हातात घेऊन उभी होती, कपाळाला पीठ, दुधावर भयंकर चिडलेली, जिवंत. एवढा मोठा शब्द आपण इतका लहान केला, हे पाप झालं की काय... तिला ठरवता येईना. शेगडी केव्हाच स्वच्छ झाली होती. तरी ती पुसत राहिली, हळूहळू, आई जाऊ नये म्हणून.