तारेवरून गेलेली किटली

आमच्या मागच्या अंगणाला भिंत नाही, तार आहे. तारेच्या अलीकडे आमचा देश, पलीकडे त्यांचा. आणि तारेपासून हातभर पलीकडे भुसभुशीत मातीचा उंचवटा, कुणीतरी मातीची टोपली पालथी घालून विसरून गेल्यासारखा. ते लाल मुंग्यांचं वारूळ.

या मुंग्या मूळच्या इकडच्या नाहीत. कुठल्याशा जहाजातून, रोपांच्या कुंड्यांतून आल्या आणि दोन्ही देशांत पसरल्या. माझा नवरा त्यांना आवरायच्या खात्यात आहे. गल्लीत त्याला मुंगीसाहेब म्हणतात. "काय मुंगीसाहेब, आज कितीजणींना अटक?" मीही हसायचे. मग त्या चिमणीला चावल्या.

चिमणी आमची मुलगी, नुकतीच पळायला लागलेली. पायावर थोडेसेच फोड आले, पण ओठ सुजले आणि श्वास घुरघुरायला लागला. दवाखान्यात वेळेत पोचलो, एवढंच. डॉक्टर म्हणाले, "पुन्हा चावल्या तर याहून वाईट होऊ शकतं. जपा." तेव्हापासून त्यांनी दिलेलं इंजेक्शन माझ्या गळ्यातल्या पिशवीत असतं. अंघोळीलाही ती पिशवी आत नेते.

आमच्या बाजूची वारुळं नवऱ्याच्या माणसांनी संपवली. औषध म्हणजे तेलकट दाणे. मुंग्या ते खाऊ समजून आत नेतात, राणीला भरवतात. पण पलीकडे आमचं औषध चालत नाही, त्यांच्या सरकारची त्याला परवानगी नाही. त्यांचं वेगळं, आणि ते यायचं होतं. दोन्ही देशांची समिती आहे, एकाच आठवड्यात दोन्हीकडे दाणे टाकायचे असं बैठकीत ठरलंही होतं. ठरलं होतं.

पलीकडच्या निरीक्षक ताई अधूनमधून तारेशी येऊन बोलायच्या. "वहिनी, मला कळत नाही असं नाही हो. पण पोतं हातात आल्याशिवाय टाकू काय, माती?"

"माझा हात पोचतोय," नवरा म्हणाला. "मूठभर टाकले तर?"

"टाका की. तुमची नोकरी जाईल, माझी जाईल, वर समितीही जाईल."

तोवर नियम एकच: वारुळाला कुणी हात लावायचा नाही. डिवचलं की आतल्या राण्यांना घेऊन मुंग्या पांगतात आणि चार ठिकाणी नवी घरं करतात. म्हणून मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून नुसती बघत बसायचे. भाजी चिरताना बघायचे, भांडी घासताना बघायचे. मागचं दार सदा बंद.

सासूबाईंना हे मुळीच पटत नव्हतं. "मुंग्याच ना त्या? एक किटली उकळतं पाणी ओतलं की संपलं. आम्ही काय समित्या नेमायचो?"

"आई, तू हात लावणार नाहीस."

"नाही रे बाबा लावत. माझा हात पोचतोय कुठे तिकडे?"

शेवटी पोतं आलं. सकाळीच ताई हातमोजे घालून हजर. नवरा अलीकडे उभा, त्याच्यामागे मी, चिमणी माझ्या कडेवर. ताईंनी आधी वारुळाशी बटाट्याचा एक वेफर ठेवला. मुंग्या भुकेल्या असल्या की त्यावर तुटून पडतात, मग दाणे टाकायचे. आम्ही वाट बघत राहिलो. एकही आली नाही.

ताईंनी काडीने माती उकरली. आत ओला चिखल, त्यात मेलेल्या मुंग्या.

पलीकडचे म्हातारे पहारेकरी काका बाजूलाच उभे होते, कौतुकाची वाट बघत. "मीच केलं काल दुपारी, ताई, वहिनींचा डोळा लागला होता तेव्हा. त्यांच्या घरच्या माईंनी पाणी उकळून किटली तारेवरून दिली, मी ओतली. तीनदा! लेकराचं ऐकून राहवेना हो."

नवऱ्याने मागे वळून पाहिलं. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"मी हात लावला नाही," त्या म्हणाल्या. आवाज मात्र खाली गेला होता.

"दोन सरकारांना जमलं नाही ते यांनी एका दुपारी जमवलं," ताई म्हणाल्या. कुणी हसलं नाही, त्याही नाही. "वरच्या तेवढ्या मेल्या. राण्या खोल असतात. त्या गेल्या."

"कुठे गेल्या?" मी विचारलं.

त्यांनी आधी आपल्या बाजूला पाहिलं, मग आमच्या. "नवी माती वर आली की दिसेल. तोवर हे पोतं टाकू कुठे?"

काकांना अजून नीट कळलं नव्हतं. त्यांनी चिमणीला हात हलवला. तिनेही हलवला. त्या माणसावर कसं रागवायचं?

दुपारी नवऱ्याने तिचा पाळणा-पलंग खोलीच्या मधोमध ओढला, भिंतीपासून लांब. चारी पायांखाली वाट्या ठेवल्या. सासूबाई तांब्याने त्यांत पाणी ओतत होत्या. निम्मं पाणी फरशीवर.

"बोल ना गं काहीतरी," त्या म्हणाल्या. "शिव्या दे हवं तर."

मी खिडकीशी गेले. इतके दिवस कुठे बघायचं ते तरी माहीत होतं. आता तारेच्या दोन्ही बाजूंना नुसतं सपाट अंगण.

मागून चिमणी आली, दोन्ही बूट हातात. "बाहेर," ती म्हणाली.

मी एक बूट घेतला, उलटा करून फरशीवर आपटला. काही पडलं नाही. पुन्हा आपटला. तिला वाटलं, खेळच आहे. दुसरा बूट घेऊन तीही आपटायला लागली.