टाकीवरची लाख

तानबाच्या हातांचा वास मीही घेतला, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी वासुदेवरावांवर तोंडसुख घेईन, तेव्हा मी फार शहाणा होतो असं कोणाला वाटायला नको.

मालगुजारी, म्हणजे गावांची जमीनदारी, जाऊन दोन वर्षं झाली होती, पण वासुदेवरावांची मिजास गेली नव्हती. त्यांची छोटी मोटर दर पाच-सहा मैलांवर फुरफुरून बंद पडायची आणि वीसेक मिनिटं उभी राहिली की पुन्हा चालू व्हायची. त्या दिवशी ती वडनेरला माझ्या मोटरदुरुस्तीच्या दुकानासमोरच येऊन मेली. बाजाराचा दिवस. बघायला पन्नास माणसं.

"प्रेमदास, तू फक्त एवढं सांग का टाकीत घासलेट हाय," वासुदेवराव उतरता उतरताच म्हणाले. "हा तानबा पेट्रोल विकून राह्यला अन् घासलेट भरून राह्यला. तू हो म्हण, आत्ताच्या आत्ता याले ठाण्यात देतो."

तानबा त्यांचा ड्रायव्हर, नऊ वर्षांपासूनचा. मान खाली घालून उभा होता. आदल्या दिवशी त्याच्या घराची झडती झाली होती आणि चिमणीसाठी ठेवलेली घासलेटची बाटली साऱ्या गावाला दाखवली होती. अरे, घासलेट कोणाच्या घरी नसतं?

"याचे हात हुंगून पाह्य," वासुदेवराव म्हणाले.

आणि मी हुंगले. "येते वास," असं वर म्हणालोही. लोक हसले. माझे स्वतःचे हात सकाळपासून घासलेटात पार्ट धुऊन ओले होते, हे तेव्हा माझ्या टाळक्यात आलं नाही.

"टाकी उघडून पाहतो," मी म्हणालो.

"झाकणाले हात लावाचा नाई!"

झाकणावर लाखेचा हा एवढा गोळा होता, वर त्यांच्या अंगठीचा छाप. त्यांच्या घरची रीतच ती. खळ्यातल्या राशीवर छाप, तुपाच्या बरणीवर छाप, कोठीच्या कुलपावर छाप. पेट्रोलही घरी स्वतःच भरायचे आणि स्वतःच लाख ओतायचे.

"मंग छाप असताना हा चोरते कसा?" मी विचारलं.

"खालून. नळी सोडून. तू तुयं काम कर."

केलं. प्लग काढून हँडल मारलं, ठिणगी चांगली निळी. कार्बोरेटरमधला थेंब तळहातावर घेतला, तो फुंकर मारायच्या आत उडून गेला. घासलेट असतं तर तेलकट डाग राहिला असता.

"पेट्रोल साफ हाय, मालक."

"नीट पाह्य!"

माझं डोकं फिरायला लागलं. या माणसाला मोटर दुरुस्त नको होती, चोर हवा होता. मी पंपाचा पाइप सोडून हँडल मारलं. पेट्रोलची एक मरतुकडी चूळ आली आणि बंद. पंप खोलला, पडदा शाबूत. म्हणजे टाकीत पेट्रोल होतं, पण ते येत नव्हतं. माझी नजर पुन्हा त्या लाखेवर गेली.

"मालक, हा त्रास कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"अन् लाख कधीपासून?"

उत्तर तानबाने दिलं. "दिवाळीपासूनच."

मी स्क्रू पिळायचा पेचकस घेतला आणि त्यांच्या अंगठीच्या छापावर घातला. ते ओरडत होते, मी लाख फोडत होतो. झाकण फिरवल्याबरोबर टाकीने सूंऽऽ करून हवा आत ओढली. सगळ्यांनी ऐकलं. हँडल मारलं तर पाइपातून पिचकारी उडाली.

"झाकणाले बारीक भोक असते, मालक! पेट्रोल जाते तेवढी हवा आत याले लागते. ते भोक तुमच्या छापानं बुजवलं. मोटरीचा गळा तुमी दाबून राह्यले अन् चोर याले म्हणून राह्यले!"

"बरं, बरं," वासुदेवरावांनी घसा खाकरला. "पण मंग यानं सांगाले नोको? चाल तानबा, काढ गाडी."

"सांगतलं होतं, मालक. एकदा लाख काढून पाहू म्हटलं, तं तुमी म्हणले, चोराले छाप तोडाची घाई झाली." तानबाने दोन्ही हात त्यांच्या नाकासमोर धरले. "पयले वास घ्या. अन् म्हणा का तानबा चोर नाई. झडती लोकाईसमोर झालती."

"ड्रायव्हर लय भेटतात मले!"

तानबाने किल्ली बॉनेटवर ठेवली. वासुदेवरावांना मोटर चालवता येत नव्हती. ते उन्हात किल्लीकडे बघत उभे राहिले आणि मला आतून असा आनंद झाला की काय सांगू. मी तानबाच्या मागे धावलो.

"तानबा, थांब! चहा घेऊन जाजो. माह्या दुकानात काम करजो तू."

तो थांबला, वळला. तेच दोन हात त्याने माझ्या नाकासमोर धरले.

"प्रेमदासभाऊ, त्याईले मोटरीतलं काई समजत नाई," तो म्हणाला. "तुमाले समजत होतं."

मी माझे हात पाठीमागे नेले. तो समुद्रपूरच्या रस्त्याला लागला, पायी.