लांबच्या बेटांवरचा आवाज

"अजून एकदा, दादा. मागे खुर्ची करकरली," काचेपलीकडून प्राध्यापकबाई म्हणाल्या.

बंद खोलीत मायक्रोफोनसमोर बसलेल्या शिपायाने रुमालाने तोंड टिपलं. जिभेच्या कडेची गाठ आता पाण्याच्या घोटालासुद्धा ठणकत होती. परवा सकाळी ऑपरेशन. थोडीशी कापून भागणार नव्हतं, सगळी जीभ काढावी लागणार होती. म्हणूनच सुट्टीचा दिवस असून बाईंनी त्याला बोलावलं होतं. भिंतीवरच्या तक्त्यातला एकेक आवाज त्याच्या तोंडून टिपून ठेवायचा होता.

एकतीस वर्षं हा माणूस या ध्वनिप्रयोगशाळेत झाडलोट करत होता, चहा आणत होता, यंत्रांवरची धूळ पुसत होता. शिकला तो दाराआड उभा राहून. पण देवाची करणी बघा, मोठमोठ्या पदव्या घेतलेल्यांच्या तोंडात जी परकी व्यंजनं अडकून बसत, ती याच्या तोंडातून शेंगेतल्या दाण्यांसारखी टपाटप पडत. घशातली, पडजिभेवरची, जीभ टाळूवर आपटून वाजवायची. पोरं त्याला 'जगभाषे' म्हणत. नवा वर्ग आला की बाई आधी त्यालाच पुढे उभा करत.

"आता ओठांचा."

त्याने ओठ मिटले आणि वारा सोडला. ब्र्र्र.

तान्ही मुलं पोट भरल्यावर हा आवाज करतात, थंडीने कुडकुडणारा करतो, घोडा तर दिवसभर करतो. पण शब्दात बसवलेलं व्यंजन म्हणून शोधायला जावं, तर हजारो भाषांत तो फार थोड्या ठिकाणी सापडतो. पॅसिफिक समुद्रातली काही बेटं, आफ्रिकेच्या मध्यातले काही डोंगर, अॅमेझॉनच्या जंगलातली एखाददुसरी वस्ती. बाकी सारं जग तो पाळण्यात शिकतं आणि पाळण्यातच विसरतं.

"मला नाही जमला हा कधी," बाई म्हणाल्या.

"याला जीभ लागत नाही, बाई. नुसता ओठांचा खेळ." बोलून गेला आणि स्वतःच चरकला.

बाईंनी यंत्र बंद केलं. "घरी सांगितलंत?"

"गाठ काढणार म्हटलंय. काही दिवस बोलायला बंदी आहे म्हटलंय."

"आणि जीभ?"

तो बराच वेळ रुमालाची घडी घालत राहिला. "दुसरा कुणी असता तर त्याने लिहून दाखवलं असतं, बाई. हातवारे केले असते. माझ्या बायकोला दिसत नाही. तिच्यापाशी मी म्हणजे नुसता आवाज. तोच गेला तर घरात माणूस आहे की खुर्ची, तिला कसं कळायचं?"

बाईंनी यंत्र पुन्हा सुरू केलं.

घरी तो शिरला की रोजचा एक खेळ ठरलेला. उंबऱ्यातून एक आवाज काढायचा आणि तिने तो कुठला ते ओळखायचं. ओठांच्या आवाजाला मात्र ती हमखास फणकारायची. "घोडं आणलंत का घरात? माणसासारखं बोला की."

"माणसंच बोलतात असं. लांब बेटांवर."

आज तो उंबऱ्यातून आवाज न काढताच आत शिरला.

"आज काही आणलं नाहीत?" तिने विचारलं.

"तोंड दुखतंय."

मोरीचं दार लावून त्याने चमच्याने जीभ खाली दाबून धरली आणि तिचं नाव घेऊन पाहिलं. नाव असं, की त्यातलं प्रत्येक अक्षर जिभेवाचून पांगळं. तोंडातून निघाला तो लोळागोळा.

"अहो, आत कोण आहे?" बाहेरून ती घाबरून म्हणाली.

चमचा काढून तो म्हणाला, "मीच. चूळ भरतोय."

सांगायचं ते त्या दिवशी राहिलं. दुसऱ्या दिवशी तो भरती झाला. तेव्हाही राहिलंच.

ऑपरेशननंतर सोळाव्या दिवशी त्याला मोठ्या वॉर्डात आणलं आणि बायकोला भेटायची परवानगी मिळाली. शेजारणीने तिला दारापाशी सोडलं आणि स्वतः औषधं आणायला गेली. वॉर्डात भेटायला आलेल्यांचा कालवा. ती काठी टेकत आत आली.

"अहो, कुठे आहात?"

तो सहाव्या खाटेवर होता. नाकात नळी, आणि गळ्याला श्वासासाठी पाडलेलं भोक. नर्सने शिकवल्याप्रमाणे त्याने भोकावर बोट दाबलं आणि तिला नावाने हाक मारली.

घशातून एक ओला हंबरडा निघाला.

ती थबकली. चेहरा कळवळला. "सिस्टर, कुणाला तरी फार त्रास होतोय हो. बघा बिचाऱ्याकडे." आणि त्याच्या खाटेच्या दांडीला बोटं लावत ती पुढे गेली.

त्याने पुन्हा हाक मारली. ही हाक आणखीच वाईट निघाली. बायको सातवी खाट ओलांडून गेली, आठवी ओलांडून गेली. त्याला पुढची सारी वर्षं दिसली. हा हाक मारणार आणि ती परक्याची कीव करत पुढे जाणार. देवा, सगळं घेतलंस, हाकेपुरतं तरी ठेवायचं होतंस.

त्याने ओठ मिटले. ओठ सुजलेले, कोरडे. नुसतीच हवा गेली. पुन्हा मिटले. लाळ ओघळली. त्याने ती पुसली, बोट गळ्यावर गच्च दाबलं आणि छातीत होता नव्हता तेवढा वारा सोडला.

ब्र्र्र.

काठी थांबली.

"अहो?"

ब्र्र्र.

ती वळली आणि दांड्या न चाचपता नीट त्याच्यापाशी आली. हात त्याच्या चेहऱ्यावरून फिरला. नळी, गाल, हनुवटी, मग गळ्यावर दाबलेलं बोट. तिथे तिचा हात थिजला.

"मघाशी ओरडत होते..." ती हळू म्हणाली, "ते तुम्ही होतात?"

त्याने तिचा हात धरला. ती खाटेच्या कडेवर बसली.

"काकू," शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कुतूहलाने म्हणाला, "हे काय बोलणं म्हणायचं?"

"माणसंच बोलतात असं," ती म्हणाली. "लांब बेटांवर."

आणि पुढचा आवाज निसटू नये म्हणून तिने दोन बोटं त्याच्या ओठांवर टेकवून ठेवली.